चार ट्रॉफ्या जिंकूनही अंधेरीचं मैदान का ओसंडत नाही?

२०२५ च्या डिसेंबरात मुंबईच्या फुटबॉलमध्ये दोन घडामोडी झाल्या. १४ तारखेला लिओनेल मेस्सी वानखेडेवर येऊन गेला. सामना खेळला नाही. लहान मुलांबरोबर थोडा चेंडू खेळला, काही चेंडू स्टँडमध्ये मारले, सचिन तेंडुलकरने दिलेली जर्सी घेतली आणि निघाला. एवढ्यासाठी लोकांनी हजारो रुपये मोजले होते. दुसरी घडामोड महिनाअखेरची, आणि तिची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली. मँचेस्टर सिटीचा मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीमधून काढता पाय घेतला.

या ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. पुढच्या पाच वर्षांत संघाने इंडियन सुपर लीगमध्ये दोन शील्ड आणि दोन कप जिंकले. (साखळीत पहिला येणाऱ्याला शील्ड मिळते, त्यानंतरच्या बाद फेरीची फायनल जिंकणाऱ्याला कप.) तरीही संघाच्या अंधेरीतल्या घरच्या मैदानात बऱ्याच सामन्यांना खुर्च्या रिकाम्या दिसत राहिल्या. तिकडे कोचीत केरला ब्लास्टर्सने तीन फायनल गाठल्या आणि तिन्ही हरल्या, पण गर्दी मात्र त्यांची.

यावर आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, 'मुंबईकर फक्त जिंकणाऱ्यांच्या मागे जातात.' दुसरं, 'मुंबईत फुटबॉल बघतो कोण?' दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत. पहिलं खरं असतं तर चार ट्रॉफ्यांनंतर तिकिटं काळ्या बाजारात विकली गेली असती. दुसऱ्याकडे नंतर येऊ.

निष्ठा वेगळी, हजेरी वेगळी

बोरिवलीचा माझा एक मित्र आर्सेनलचा कट्टर पाठीराखा आहे. २००४ मध्ये आर्सेनलने इंग्लिश लीग जिंकली, त्यानंतर वीस वर्षं त्यांना ती पुन्हा जिंकता आली नाही. या काळात मित्राचं लग्न झालं, दोन नोकऱ्या बदलल्या, आर्सेनल बदललं नाही. रात्री साडेबाराचा सामना असला तर तो हेडफोन लावून स्वयंपाकघरात बसतो, कारण बाहेर आई झोपलेली असते. लंडनला तो कधी गेलेला नाही आणि घरापासून काही स्टेशनांवर असलेल्या अंधेरीच्या मैदानातही नाही. त्याची निष्ठा शंभर टक्के आहे आणि हजेरी शून्य.

याच्या उलट, कंपनीने पास दिला म्हणून व्हीआयपी स्टँडमध्ये बसलेल्या माणसाची हजेरी लागते. निष्ठेशी तिचा संबंध नसतो.

त्यात हजेरीचा आकडाही वाटतो तेवढा सरळ नसतो. इंग्लंडमध्ये क्लब जाहीर करतात तो आकडा सहसा विकलेल्या तिकिटांचा असतो, आत आलेल्या डोक्यांचा नव्हे. प्रशिक्षक आर्सेन वेंगरच्या शेवटच्या हंगामात, २०१७-१८ मध्ये, आर्सेनलच्या मैदानात लाल खुर्च्यांचे पट्टेच्या पट्टे मोकळे दिसायचे आणि जाहीर आकडा मात्र साठ हजारांच्या आसपास असायचा. लोकांनी वर्षभराचं तिकीट आधीच काढलेलं होतं. पैसे गेले ते गेले, पण संघाचा खेळ बघवत नाही म्हणून माणूस घरी. आधीच काढलेल्या या वर्षभराच्या तिकिटालाच सीझन तिकीट म्हणतात. हंगाम सुरू व्हायच्या आधी सगळ्या घरच्या सामन्यांचे पैसे भरायचे आणि आपली खुर्ची राखून ठेवायची. ही पद्धत लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

जिंकल्यावर गर्दी वाढते का? हो, वाढते

उगवत्या सूर्याला नमस्कार करण्याची रीत काही मुंबईची मक्तेदारी नाही. रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये एक मजेदार पाहणी प्रसिद्ध केली. सात विद्यापीठांत सोमवारी वर्गात बसलेल्या मुलांचे कपडे त्यांनी मोजले. शनिवारी विद्यापीठाचा संघ (त्यांच्या अमेरिकन फुटबॉलचा) जिंकला असेल, तर विद्यापीठाचं नाव असलेले शर्ट घालून येणारी मुलं जास्त. हरला असेल तर कमी. त्या मुलांनी स्वतः चेंडूला हातही लावलेला नव्हता, पण संघाच्या यशात आपलाही वाटा आहे हे त्यांना मिरवायचं होतं.

स्टेडियमच्या गर्दीतही हे दिसतं, पण उशिराने. सीझन तिकीट आधी काढायचं असल्यामुळे या वर्षीची गर्दी बरीचशी गेल्या वर्षीच्या निकालावर ठरते. केरला ब्लास्टर्सचंच बघा. २०१४ च्या पहिल्या हंगामात ते फायनलला गेले. २०१५ मध्ये ते आठ संघांत आठवे आले, आणि तरीही त्यांच्या घरच्या सामन्यांची सरासरी पन्नास हजारांच्या वर होती. म्हणून एका हंगामाचा निकाल आणि त्याच हंगामाची गर्दी शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा फसतो.

मग हरणाऱ्यांची मैदानं कशी भरतात?

इथे खरी गंमत आहे. मँचेस्टर सिटीला आज 'पैशाने विकत घेतलेलं यश' म्हणून हिणवलं जातं. तोच क्लब १९९८-९९ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या पायरीच्या लीगमध्ये घसरला होता. क्लबच्या इतिहासातला तो सगळ्यात खालचा टप्पा. त्या वर्षी मेन रोडच्या जुन्या मैदानात सरासरी २८ हजार लोक येत होते. स्कॉटलंडचा रेंजर्स २०१२ मध्ये दिवाळखोरीमुळे थेट चौथ्या पायरीवर फेकला गेला, आणि ईस्ट स्टर्लिंगशायर नावाच्या छोट्या संघाविरुद्धच्या सामन्याला ४९,११८ लोक आले. इंग्लंडचा सुंदरलंड तिसऱ्या पायरीवर असताना २०१८ च्या नाताळानंतरच्या दिवशी ब्रॅडफर्डविरुद्ध ४६,०३९.

उलट बाजूची उदाहरणंही तितकीच बोलकी आहेत. मोनॅको २०१६-१७ मध्ये फ्रान्सचा विजेता ठरला, आणि साडेअठरा हजारांच्या त्यांच्या मैदानात सरासरी दहा हजारही लोक नव्हते. विगन हा इंग्लंडमधल्या, रग्बीचं वेड असलेल्या गावातला क्लब. तो आठ वर्षं प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे पहिल्या पायरीवर, टिकला, २०१३ मध्ये एफए कपही जिंकला, पण मैदान गच्च भरण्याचे दिवस मोजकेच.

आणि एवढं लांब कशाला जायचं? कोल्हापूरला जा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार यांचे सामने असले की पेठाच्या पेठा मैदानात उतरतात आणि पोलिसांना बंदोबस्त लावावा लागतो. तिथल्या पोराने संघ निवडलेला नसतो. तो ज्या तालमीच्या अंगणात वाढला, तो त्याचा संघ. तालीम सलग तीन वर्षं हरली म्हणून शेजारच्या पेठेच्या तालमीला पाठिंबा देणं त्याच्या डोक्यातही येत नाही. आलंच तर घरी सांगायची हिंमत नसते.

कोलकात्याचंही तेच. पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांसाठी ईस्ट बंगाल हा क्लब म्हणजे सुटलेल्या गावाची खूण होती. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन कपच्या सेमीफायनलला मोहन बागानविरुद्ध १,३१,७८१ लोक सॉल्ट लेक स्टेडियमवर होते. पुढे सुपर लीगमध्ये आल्यावर ईस्ट बंगाल पहिल्या पाच हंगामांत नवव्या क्रमांकाच्या वर गेला नाही. मोहन बागानशी सामना असला की तिकिटांसाठीची झुंबड काही थांबली नाही.

गल्लीतला गणपती आणि लालबागचा राजा

हे समजून घ्यायला मुंबईकराला गणेशोत्सव पुरेसा आहे. आपण लालबागच्या राजाच्या रांगेत उभे राहतो, कारण तिथे सगळे जातात, नाव मोठं आहे, नवसाला पावतो अशी ख्याती आहे. ते दर्शन. पण वर्गणी आपण गल्लीतल्या मंडळाला देतो. तिथली मूर्ती एखाद्या वर्षी बेताची असते, मांडव गळतो, अध्यक्षाशी आपलं पटत नाही, लाउडस्पीकरवरून भांडण झालेलं असतं, तरी संध्याकाळच्या आरतीला आपण तिथेच असतो. पोरगं तिथेच पहिल्यांदा स्टेजवर नाचलेलं असतं.

संघाचं यश दर्शनाची रांग वाढवतं. वर्गणीदार तयार करत नाही. रांगेतला माणूस पुढच्या वर्षी दुसरीकडे जास्त मोठं आकर्षण असेल तर तिकडे जाईल, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मेस्सीसाठी वानखेडेवर गेलेली गर्दी ही रांग होती. मुंबई सिटीला हवे आहेत ते वर्गणीदार. त्यांचं यश चार वर्षांत उभं राहिलं; वर्गणीदाराला निदान एक पिढी लागते.

मग मुंबईत ती पिढी का तयार झाली नाही?

कारण मांडवच टिकले नाहीत. मुंबईत फुटबॉल काल-परवा आलेला नाही. रोव्हर्स कप १८९१ मध्ये इथे सुरू झाला आणि पुढे कूपरेजवर त्याच्या सामन्यांना गर्दी लोटायची. स्पर्धाच बंद पडली. महिंद्रा युनायटेड २००५-०६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीगचा विजेता झाला, म्हणजे देशातला पहिल्या क्रमांकाचा संघ मुंबईचा होता. २०१० मध्ये कंपनीने संघ गुंडाळला. २००७ मध्ये निघालेला मुंबई एफसी नऊ हंगाम आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये तगला आणि २०१७ मध्ये खाली घसरून दिसेनासा झाला. पुण्यात तर पुणे एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी असे तीन संघ एकापाठोपाठ मिटले. शेवटच्याची जागा २०१९ मध्ये हैदराबादला गेली.

महिंद्राच्या सामन्यांना २००६ मध्ये बापाचा हात धरून जाणारा मुलगा आज पोराचा हात धरून कुठे जाणार? हरणाऱ्या संघावर माणूस प्रेम करू शकतो. नसलेल्या संघावर कसं करणार?

माझ्या मते मुंबईच्या रिकाम्या खुर्च्यांचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि म्हणूनच सिटी ग्रुपच्या जाण्याची बातमी एखादी फायनल हरण्यापेक्षा जास्त काळजीची आहे. क्लब आधीच्या मालकांच्या हातात राहिला आहे हे खरं. पण २०२५ च्या जुलैत हंगामच स्थगित झाला, महिनोन्महिने लीग सुरू होईल की नाही हेच कळेना. अशा वेळी नवा पाठीराखा 'आपण यात जीव गुंतवावा का' असा विचार करणारच.

पण चार ट्रॉफ्या काही कमी आहेत का?

कमी नाहीत. फक्त त्या कुठे निश्चित झाल्या ते बघा. २०२०-२१ चा सगळा हंगाम कोविडमुळे गोव्यात, प्रेक्षकांविना झाला. शील्ड तिथेच, कप तिथेच. फातोर्ड्याच्या फायनलमध्ये नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने विजयी गोल मारला तेव्हा स्टँडमध्ये प्रेक्षक नव्हते. २०२२-२३ ची शील्ड पक्की झाली ती पुन्हा गोव्यात, एफसी गोवाला ५-३ हरवून. २०२४ ची फायनल कोलकात्यात, साठ हजारांवर मोहन बागान समर्थकांसमोर. चारही वेळा निर्णायक सामना मुंबईबाहेर. 'त्या दिवशी मी मैदानात होतो' हे आयुष्यभर सांगायचं वाक्य असतं आणि ते मुंबईच्या फार थोड्या लोकांच्या वाट्याला आलं.

दुसरी बाब साध्या गणिताची. २०१४ आणि २०१५ मध्ये मुंबई सिटी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळायचा. संघ तळाकडे रेंगाळायचा, पण निकोला अनेल्कासारखी नावं होती, लीगची नवलाई होती, आणि वीस हजारांच्या आसपास लोक यायचे. २०१६ मध्ये संघ अंधेरीला आला आणि त्याच वर्षी साखळीत पहिला आला. अंधेरीच्या मैदानाची क्षमता मात्र सात हजारांच्या आसपास. म्हणजे संघ सुधारला आणि गर्दीचा आकडा पडला! मैदान लहान असलं की यश आकड्यात दिसायला जागाच उरत नाही. इंग्लंडमध्ये असं झालं की सीझन तिकिटाची प्रतीक्षा यादी लांबते आणि तिकीट महागतं. आपल्याकडे दोन्ही होत नाही, म्हणून वाढलेली ओढ मोजायलाही साधन नाही.

'मुंबई क्रिकेटचं शहर आहे हो!'

आहेच. पण क्रिकेटवेड्या शहरात फुटबॉलसाठी दहा हजार माणसं सापडू नयेत एवढी मुंबई लहान नाही. अडचण दुसरीकडे आहे आणि ती घड्याळात आहे. डोंबिवलीचा एक बाप कल्पनेत घ्या. बुधवारी साडेसातचा सामना. फोर्टमधल्या ऑफिसातून सहाला निघायचं, पोराला घाटकोपरला आजीकडून उचलायचं, मेट्रोने आझाद नगर, तिथून चालत मैदान. सामना संपतो साडेनऊला. परत मेट्रोच्या जिन्यावर गर्दी, घाटकोपरला लोकल, डोंबिवलीला उतरून रिक्षाची रांग. घरी पोचायला अकरा-साडेअकरा. सकाळी पोराची शाळा. हा माणूस पुढच्या सामन्याला आला नाही, तर त्याच्या निष्ठेवर बोट ठेवणं मला तरी जमणार नाही.

आणि लोक येतात कधी, याचा पुरावा याच मैदानात आहे. १ जून २०१८ रोजी भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं. कर्णधार सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली. प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकला: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. ४ तारखेला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता. जूनचा पाऊस धो धो कोसळत होता, मैदानात पाणी साचलं होतं आणि तिकिटं संपली होती. पाच गोलांनी जे झालं नाही ते एका विनवणीने झालं. आपण आलो नाही तर कुणाला तरी फरक पडतो, हे लोकांना त्या दिवशी कळलं.

अर्थात विनवणी दर आठवड्याला करता येत नाही.

एकच संघ सारखा जिंकत राहिला तर लोक कंटाळतील?

अर्थशास्त्रात याला 'निकालाची अनिश्चितता' म्हणतात. सायमन रॉटनबर्ग यांनी १९५६ मध्ये बेसबॉलबद्दल लिहिताना मांडलेला विचार असा की कोण जिंकणार हे आधीच माहीत असेल तर तिकीट कोण काढेल? ऐकायला पटतं. पण बायर्न म्युनिकने २०१३ ते २०२३ सलग अकरा वेळा जर्मन लीग जिंकली आणि जर्मनीची मैदानं भरलेलीच राहिली. कारण तिथे उभं राहून सामना बघण्याचं तिकीट स्वस्त आहे आणि नियमानुसार बहुतेक क्लबांत मतांचं बहुमत सभासदांकडे असतं. शिवाय घरच्या प्रेक्षकाला चुरस आवडते हे अर्धंच सत्य. त्याला आपला संघ जिंकलेला बघायचा असतो, तेही शक्यतो छातीत धडधड न होता.

निष्ठावान माणसाने तक्रार करायची नाही?

असं क्लबांच्या मालकांना वाटतं खरं. ६ फेब्रुवारी २०१६ ला लिव्हरपूल सुंदरलंडविरुद्ध घरच्या मैदानात २-० ने पुढे होता. क्लबने नव्या स्टँडचं सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरवलं होतं. सत्त्याहत्तराव्या मिनिटाला सुमारे दहा हजार लोक उठले आणि चालू लागले. उरलेल्या वेळात सुंदरलंडने दोन गोल मारून बरोबरी केली. काही दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. उठून गेलेले होते तेच वर्षानुवर्षं येणारे. दर्शनाला आलेला माणूस सामना सोडून कशाला उठेल? त्याने तर त्या एका दिवसाचे पैसे भरलेले असतात.

केरळमध्येही २०२४-२५ च्या हंगामात मंजप्पडा या ब्लास्टर्सच्या समर्थक गटाने व्यवस्थापनाच्या कारभाराविरुद्ध तिकिटांवर बहिष्काराची भूमिका घेतली. कोचीतली रिकामी खुर्ची आणि अंधेरीतली रिकामी खुर्ची टीव्हीवर सारखीच दिसते. पण पहिलीत रागावलेला माणूस असतो आणि दुसरीत बहुधा अजून कोणी बसलेलंच नसतं.

मग मुंबईला मोठं मैदान हवं का?

इतक्यात तरी नको, असं मला वाटतं. पंचावन्न हजारांच्या स्टेडियममध्ये पाच हजार लोक हरवून जातात. सात हजारांच्या मैदानात तेच पाच हजार, वेस्ट कोस्ट ब्रिगेड या मुंबई सिटीच्या समर्थक गटाच्या ढोलांसकट, प्रतिस्पर्ध्याच्या गोलकीपरला घाम फोडू शकतात. आधी करण्यासारख्या गोष्टी स्वस्तातल्या आहेत. वेळापत्रक दोन-तीन महिने आधी जाहीर व्हावं आणि नंतर हलू नये. घरचे सामने शक्यतो शनिवार-रविवारी असावेत. शाळेच्या संघांना एक स्टँड राखून द्यावा, पण फुकट पास न वाटता नाममात्र पैसे घेऊन, कारण फुकट मिळालेला पास पाऊस आला की खिशातच राहतो. नागपाडा, वांद्रे, माहीम, मुंब्रा इथली पोरं रोज संध्याकाळी चेंडू लाथाडतात. त्यांच्या मैदानांवर क्लबचे खेळाडू महिन्यातून एकदा तरी दिसावेत. आणि पुढच्या हंगामात कुणी विचारलं की मुंबईचा पाठिंबा वाढला का, तर मोहन बागानविरुद्धच्या सामन्याचा आकडा सांगू नका. तळाच्या संघाविरुद्ध, सलग दोन पराभवांनंतर, मधल्या वारी किती लोक आले ते सांगा.